घड्याळ असे का म्हणाले? मनगटावरच्या आणि घरातल्या एआयला कारण सांगायला लावण्याची कृती

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मनगटावरचे आरोग्य-उपकरण निवडलेले विद्यार्थी, किंवा नागपूरच्या आयटी पार्कमध्ये पहिलीच नोकरी धरून एखाद्या फिटनेस ॲपच्या कामाला लागलेले तरुण, यांच्यासाठी हा लेख आहे. मॉडेल तयार झाले, अचूकता बरी आली, ॲपवर आकडा दिसू लागला, की काम संपले असे वाटते. पण ज्याच्या मनगटावर ते यंत्र बसणार आहे त्याला अचूकतेचा तक्ता कधीच दिसत नाही. त्याला दिसतो तो ‘ताण ७८’ एवढाच मजकूर. धरमपेठेतले एखादे निवृत्त काका सकाळी अंबाझरीला फिरून घरी येतात, चहा घेत बसलेले असतात, तेवढ्यात घड्याळ थरथरते, ‘अनियमित ठोके आढळले’ असे दाखवते आणि गप्प बसते. काका पुण्याच्या मुलाला फोन लावून विचारतात, “अरे, हे घड्याळ मला काऊन घाबरवून राहिलं?” मुलाकडे उत्तर नसते, दुकानदाराकडे नसते, आणि पुष्कळदा यंत्र बनवणाऱ्याकडेही नसते. ते उत्तर यंत्रानेच द्यावे, आणि काकांना पुढे काय करायचे हे त्यातून कळावे, यासाठी करायची कामे पुढे क्रमाने दिली आहेत.

माझे मत आरंभीच सांगतो. नवख्या मंडळींची बहुतेक शक्ती मॉडेलच्या पोटात काय चालते हे रंगीत आलेखांनी दाखवण्यात खर्च होते. वापरणाऱ्याचा गोंधळ मात्र बहुधा त्याच्या कितीतरी आधी, त्वचेला टेकलेल्या सेन्सरपाशी, सुरू झालेला असतो. म्हणून खालच्या पायऱ्यांत सिग्नलला अधिक जागा दिली आहे आणि मॉडेलला कमी.

पायरी १: एकच निर्णय निवडा

‘आमचे घड्याळ समजण्याजोगे करायचे आहे’ हे उद्दिष्ट फार मोठे आहे, कारण एकच घड्याळ पावले मोजते, झोपेचे टप्पे ठरवते, ठोक्यांवर लक्ष ठेवते आणि पडल्याचेही ओळखते. यांतला एक निर्णय घ्या आणि कागदावर चार गोष्टी लिहा: यंत्र नेमके काय सांगते, ते कोण वाचते, वाचून तो काय करतो, आणि सांगितलेले चुकीचे निघाले तर काय बिघडते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण किती स्पष्टीकरण द्यायचे हे त्यावरूनच ठरते. खोलीतली हवा पाहून स्मार्ट पंख्याने वेग कमी केला, तर त्याचे कारण कोणी वाचत बसणार नाही. तिथे वेग पुन्हा वाढवण्याचे सोपे बटण पुरते. पावले चुकली तर विचारणाऱ्याला कारण मिळावे, न विचारणाऱ्याला त्रास नको. हृदयाच्या ठोक्यांविषयीची सूचना मात्र कारणाशिवाय जाताच कामा नये. सगळीकडे सारखेच स्पष्टीकरण चिकटवले, तर लोक ते वाचणे सोडून देतात आणि जिथे वाचायला हवे तिथेही वाचत नाहीत.

याच कागदावर आणखी एक नोंद करा: यंत्र ज्या उंबरठ्याशी तुलना करते तो कुठून आला. रोज १०,००० पावलांचे लक्ष्य पुष्कळ ॲपमध्ये आपोआप बसवलेले असते. त्याचे मूळ १९६५ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊल-मोजणी यंत्राच्या नावात आहे. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावले मोजणारे’ असा होता. ते वैद्यकीय संशोधनातून निघालेले प्रमाण नव्हते. तसेच ‘२२० वजा वय’ हे कमाल ठोक्यांचे सूत्र ढोबळ आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. तरीही व्यायामाचे लाल-पिवळे पट्टे बहुधा त्यावरच आखलेले असतात. वापरणाऱ्याने ‘मी लाल पट्ट्यात का?’ असे विचारले, तर खरे उत्तर ‘तुमच्या वयावरून आम्ही अंदाजे आखलेली रेषा तुम्ही ओलांडली’ एवढेच असते, आणि ते तसेच सांगितले पाहिजे.

पायरी २: त्वचेपासून आकड्यापर्यंत चालत जा

घड्याळ उलटे करून पाहा. मागच्या काचेखाली हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील आणि त्यांच्याशेजारी प्रकाश टिपणारा एक लहान चौकोन असेल. रक्तातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषते. प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त किंचित वाढते, परत येणारा प्रकाश किंचित घटतो, आणि या चढ-उतारावरून ठोके मोजले जातात. या पद्धतीला पीपीजी म्हणतात. रक्तातल्या ऑक्सिजनसाठी लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश वापरून त्यांच्या शोषणाचे गुणोत्तर काढतात. हा चढ-उतार फार बारीक असतो, हात हलला की त्याहून मोठे चढ-उतार त्यात मिसळतात, म्हणून हालचाल मोजणाऱ्या सेन्सरच्या मदतीने ते वजा केले जातात, काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात, आणि मग कुठे मॉडेलची पाळी येते.

या वाटेवर प्रत्येक टप्प्याला काय बिघडू शकते, ते नागपुरातच बसून तपासता येते. डिसेंबरच्या पहाटे थंडीने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि सिग्नल मंदावतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा घामाने पट्टा घसरतो, काच आणि त्वचा यांत फट पडते आणि बाहेरचे ऊन आत शिरते. काम करताना बोचतो म्हणून पट्टा सैल ठेवण्याची सवय तर सर्व ऋतूंत असते. चालताना किंवा धावताना पावलांचा ठेका इतका नियमित असतो की कधीकधी यंत्र तोच ठेका हृदयाचा समजून बसते. मिनिटाला १६० पावले टाकणाऱ्याचे ठोकेही १६० दाखवले जात असतील, तर संशय घ्यावा. विदर्भातल्या अनेक वयस्कर बायांच्या मनगटावर गोंदण असते, आणि गोंदणाची शाई प्रकाश शोषते. घड्याळ बाजारात आणणाऱ्या कंपन्या आपल्या सूचनांत टॅटूचा उल्लेख करतात. आजीचे गोंदण मात्र चाचणीच्या यादीत कोणाच्या लक्षात येत नाही.

त्वचेच्या रंगाचा मुद्दा याहून गंभीर आहे. २०२० साली अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की बोटाला लावण्याच्या ऑक्सिमीटरने ऑक्सिजनची छुपी कमतरता चुकवण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे तिप्पट होते. त्यानंतर २०२१ मध्ये तिथल्या औषध नियंत्रकांनी या मर्यादेविषयी जाहीर सूचना काढली. रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या यंत्राची ही स्थिती असेल, तर मनगटावरच्या स्वस्त यंत्राविषयी सावध राहिलेलेच बरे. शिवाय सिकलसेलचे रुग्ण विदर्भात मोठ्या संख्येने आहेत, आणि या आजारात ऑक्सिमीटरचा आकडा प्रत्यक्षाहून वेगळा येऊ शकतो. अशा माणसाला ‘ऑक्सिजन ९१’ एवढेच दाखवणे किंवा ‘ऑक्सिजन ९७’ दाखवून निश्चिंत करणे, दोन्ही घातक आहेत.

या पायरीतून हाती काय यावे? प्रत्येक नोंदीबरोबर सिग्नल कितपत चांगला होता याचे एक माप, आणि तो वाईट असल्यास त्याचे संभाव्य कारण: पट्टा सैल, हात हलत होता, त्वचा थंड, बाहेरचा प्रकाश. हे माप मॉडेलपेक्षा आधी मोजा आणि ते ठरावीक पातळीखाली असेल तर मॉडेल चालवूच नका. ‘नोंद घेता आली नाही, पट्टा एक घर घट्ट करून अर्धा मिनिट हात स्थिर ठेवा’ हे उत्तर चुकीच्या आकड्यापेक्षा शंभर पटींनी उपयोगी आहे. २०१८ पासून अमेरिकेत उपलब्ध झालेल्या ॲपल वॉचच्या ईसीजी ॲपमध्ये ‘अनिर्णित’ हा निकाल पहिल्यापासून ठेवलेला आहे. तुमच्या प्रकल्पातही तो ठेवा. परीक्षक ‘इतक्या नोंदी का गाळल्या?’ असे विचारतील. त्यांना गाळलेल्या नोंदींची कारणेच दाखवा.

पायरी ३: मॉडेल शक्य तितके साधे ठेवा, आणि नाइलाज असेल तरच आलेखांकडे वळा

बसलेला, चालणारा, गाडीवर असलेला आणि झोपलेला माणूस वेगळा ओळखायचा असेल, तर पाच-सहा पातळ्यांचा निर्णयवृक्ष, म्हणजे एकापुढे एक हो-नाही प्रश्नांची फांद्या फुटत जाणारी साखळी, बऱ्याचदा पुरतो, आणि तो जसा आहे तसा वाचता येतो. सिंथिया रुडिन या संशोधिकेने २०१९ मध्ये ठामपणे मांडले की जिथे निर्णयाचे परिणाम गंभीर आहेत तिथे अपारदर्शक मॉडेल बनवून मागाहून त्याची कारणे शोधण्यापेक्षा मुळातच वाचता येणारे मॉडेल वापरावे. विद्यार्थ्यांनी हे म्हणणे मनावर घ्यावे असे मला वाटते. डीप लर्निंग हा शब्द प्रकल्पाच्या शीर्षकात असला की गुण वाढतात या समजुतीने पुष्कळ चांगले प्रकल्प विनाकारण अगम्य झालेले आहेत.

तरीही न्यूरल नेटवर्क किंवा शेकडो वृक्षांचे मॉडेल घ्यावेच लागले, तर मागाहून कारणे काढण्याच्या तीन पद्धती माहीत असाव्यात. २०१६ साली मांडलेली ‘लाइम’ ही पद्धत एका नोंदीच्या आसपास थोडे फेरफार करून, तेवढ्यापुरते एक साधे मॉडेल बसवते. २०१७ ची ‘शॅप’ ही पद्धत प्रत्येक घटकाचा वाटा काढते. तिचा पाया लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये सहकारी खेळांतल्या वाटणीविषयी मांडलेल्या गणितात आहे, आणि याच शॅप्लींना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तिसरी पद्धत ‘काय वेगळे असते तर निकाल बदलला असता’ हे शोधते. तिन्हींत वापरणाऱ्याला सर्वांत लवकर कळते ती तिसरी, मात्र एक अट आहे: सुचवलेला बदल माणसाच्या हातातला हवा. ‘तुम्ही दीड तास आधी झोपला असता तर आजचा आकडा हिरव्या पट्ट्यात आला असता’ हे चालेल. ‘तुमचे वय आठ वर्षांनी कमी असते तर’ हे गणिताने बरोबर असूनही काकांना सांगण्याजोगे नाही.

व्यवहारातल्या तीन अडचणी इथेच सांगून ठेवतो. लाइम यादृच्छिक नमुने घेते, त्यामुळे त्याच नोंदीवर दोनदा चालवल्यास दोन वेगळी कारणे येऊ शकतात. सकाळी ‘झोप कमी’ आणि दुपारी त्याच रात्रीविषयी ‘ठोके जास्त’ असे सांगणाऱ्या यंत्रावर कोण विश्वास ठेवील? शॅपचा कोणत्याही मॉडेलला चालणारा प्रकार मॉडेलला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारतो, म्हणून घड्याळातल्या किंवा फिटनेस बँडमधल्या लहान चिपला तो झेपत नाही. हा हिशेब फोनवर करा, किंवा वृक्षांच्या मॉडेलसाठी असलेला जलद प्रकार वापरा. तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. हालचाल आणि ठोके हे घटक एकमेकांशी बांधलेले असल्यामुळे वाटा कोणाच्या नावावर पडेल हे बऱ्याच अंशी पद्धतीवर अवलंबून असते, आणि वाटा म्हणजे कारण नव्हेच. मॉडेलने ‘ताण’ ठरवताना उशिरा झोपण्याला महत्त्व दिले, यावरून उशिरा झोपल्यामुळे ताण आला असे सिद्ध होत नाही. मजकूर लिहिताना ‘मुळे’ हा प्रत्यय जपून वापरा. ‘आम्ही हा आकडा काढताना याकडे पाहिले’ अशी रचना लांब असली तरी खरी असते.

मिळालेले कारण मॉडेलशी इमान राखते का, हेही तपासायचे असते. ज्या घटकाला सर्वांत मोठा वाटा दिला आहे त्याची जागा सरासरी किमतीने भरून पाहा. निकाल हललाच नाही, तर ते स्पष्टीकरण दिसायला सुंदर आणि आतून पोकळ आहे.

पायरी ४: मजकूर लिहा

आतापर्यंतचे काम या पायरीवर उभे राहते किंवा कोसळते. एका विद्यार्थी गटाच्या पडद्यावर दिसू शकेल असा हा मजकूर पाहा: ‘अलर्ट! एएफ संभाव्यता ०.८७. मुख्य घटक: आरएमएसएसडी, पीएनएन५०.’ एएफ म्हणजे ॲट्रियल फिब्रिलेशन, हा ठोके अनियमित होण्याचा विकार, आणि शेवटची दोन नावे म्हणजे ठोक्यांमधल्या अंतरांच्या चढ-उताराची मापे. यात सगळे खरे आहे आणि काकांच्या उपयोगाचे काहीही नाही. आता हाच मजकूर तीन थरांत मांडू. घड्याळाच्या पडद्यावर एवढेच: ‘ठोक्यांमधले अंतर अनियमित दिसले. सविस्तर फोनवर पाहा.’ फोनवर पुढीलप्रमाणे:

‘आज सकाळी ७ ते ९ या वेळेत तुम्ही शांत बसलेले असताना सहा नोंदी घेतल्या. त्यांपैकी पाच नोंदींत दोन ठोक्यांमधले अंतर नेहमीपेक्षा बरेच कमी-जास्त होत होते. हात स्थिर होता आणि पट्टा नीट बसलेला होता, म्हणून या नोंदी वापरल्या. हे निदान नाही. काही वेळा निरोगी माणसांतही असे दिसते. ही नोंद डॉक्टरांना दाखवा आणि ईसीजी काढावा का ते विचारा. हे घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही. छातीत दुखत असेल, धाप लागली असेल किंवा भोवळ येत असेल, तर घड्याळाकडे न पाहता लगेच १०८ वर फोन करा.’

तिसरा थर डॉक्टरांसाठी: ठोक्यांमधल्या अंतरांचा आलेख, नोंदींच्या वेळा, सिग्नलची गुणवत्ता, मॉडेलची आवृत्ती. ०.८७ आणि पीएनएन५० यांची जागा इथे आहे. मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, ओपीडीत बसलेल्या डॉक्टरांना एका रुग्णासाठी मिळणारा वेळ लक्षात घेऊन हे सारे एका पानात बसवा.

मधल्या मजकुरात काय पाहिले, कशाच्या आधारे पाहिले, कशाची खात्री नाही आणि पुढे काय करायचे, हे चारही आलेले आहे. ‘८७ टक्के शक्यता’ मात्र मुद्दाम गाळली आहे, आणि त्याचे कारण थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. समजा, १,००० जणांनी घड्याळ घातले आणि त्यांपैकी १० जणांना खरोखर तो विकार आहे. घड्याळाने त्यांतले ९ जण पकडले, आणि उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी केवळ ५ टक्क्यांना चुकून सूचना दिली, म्हणजे सुमारे ५० जणांना. एकूण सूचना ५९, त्यांतल्या खऱ्या ९. मॉडेल ऐकायला फार चांगले, तरी सूचना मिळालेल्या सहा-सात जणांमागे एकच खरा रुग्ण. मॉडेलने दिलेला ०.८७ हा आकडा प्रत्यक्ष निकालांशी ताडून जुळवून घेतलेला नसेल, तर तो माणसाला हे सांगत नाही. खात्री सांगायचीच असेल तर ‘अशी सूचना मिळालेल्या दहा जणांपैकी साधारण इतक्यांत पुढच्या तपासणीत विकार सापडला’ अशी सांगा, आणि तेही स्वतः मोजलेले असेल तरच.

मजकूर मराठीत देताना एक तांत्रिक खड्डा आहे, तो आधीच भरून घ्या. अनेक स्वस्त बँडच्या पडद्यावर देवनागरी जोडाक्षरे आणि स्वरचिन्हे नीट जोडणारी व्यवस्था नसते, आणि ‘हृदय’, ‘श्वास’, ‘प्रकृती’ असे नेमके कामाचे शब्दच मोडून पडतात. वेलांटी दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसते. मांडणी इंग्रजीच्या उंचीने केलेली असली तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. खऱ्या उपकरणावर, चष्मा काढलेल्या साठीच्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय मजकूर पक्का करू नका. लॅपटॉपच्या सिम्युलेटरवर सगळेच सुंदर दिसते.

पायरी ५: पडदा नसलेल्या उपकरणांचे काय?

घरातल्या यंत्रांना बहुधा एखादा दिवा आणि एखादा आवाज एवढीच भाषा असते, त्यामुळे तिथे स्पष्टीकरणही तसेच लहान असावे. आवाजावर चालणाऱ्या स्पीकरसाठी उत्तम स्पष्टीकरण म्हणजे त्याने काय ऐकले ते सांगणे. नागपुरात मार्च ते जून कूलरच्या घरघरीत बोलणे होते, बोलण्यात मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात येतात, आणि यंत्राने ‘पंखा बंद’ ऐवजी भलतेच ऐकले तर माणूस आणखी मोठ्याने ओरडतो, जे बहुधा निरुपयोगी ठरते. ‘मी “रंग बंद” असे ऐकले, मागे आवाज फार आहे’ एवढे सांगितले तर तो उठून कूलर कमी करील किंवा जवळ जाईल.

एसी, गिझर, दिवे यांच्यासाठी ॲपमध्ये दिनक्रमाची साधी वही ठेवा: ‘दुपारी ३:१० ला एसी २६ वर नेला, कारण अर्धा तास खोलीत हालचाल दिसली नाही.’ शेजारी एक बटण: ‘असे पुन्हा करू नका.’ दुपारी निवांत झोपलेली आजी हालचाल करत नाही, आणि नागपूरच्या मे महिन्यात तिच्या खोलीतला एसी मंदावणे ही किरकोळ गैरसोय नसते. ते बटण दाबले की पुढे काय बदलेल, तेही तिथेच लिहा. दारावरच्या कॅमेऱ्याचे सर्वांत महत्त्वाचे स्पष्टीकरण वेगळेच आहे: चेहरा ओळखण्याचे काम घरातल्या यंत्रातच होते की चित्र बाहेर पाठवले जाते, आणि किती दिवस ठेवले जाते. ‘अनोळखी व्यक्ती’ असा शिक्का रोज दूध घालणाऱ्याच्या माथी बसत असेल, तर तो पुसण्याची सोय दोन टिचक्यांच्या आत असावी.

पायरी ६: वापरणाऱ्याला उलट बोलू द्या

कारण दिले आणि ते चुकीचे असल्याचे सांगायची सोय ठेवली नाही, तर ते फर्मान होते. पोळ्या लाटताना पावले वाढतात. बाजारातून सामानाची हातगाडी ढकलताना हात स्थिर असल्यामुळे पावले कमी पडतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीवर बसलेल्याला यंत्र चालत नेते. प्रत्येक नोंदीपाशी ‘मी गाडीवर होतो’, ‘मी झोपलो नव्हतो, वाचत होतो’ अशी तयार उत्तरे द्या, आणि ती निवडल्यावर आकडा खरोखर बदलून दाखवा. ‘अभिप्रायाबद्दल धन्यवाद’ म्हणून गप्प बसणारे बटण नसलेलेच चांगले.

पायरी ७: माणसांवर तपासा, आणि ‘समजले का?’ असे विचारू नका

आपल्याकडे ‘समजले का?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच सभ्य उत्तर आहे, त्यामुळे त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी अंदाज करायला लावा. घड्याळ हातात देऊन विचारा: ‘पट्टा सैल केला तर आता हे काय दाखवील?’ ‘ही सूचना आली तर तुम्ही कोणाला फोन कराल?’ माणूस यंत्राची चूक आधीच ओळखू लागला, तर स्पष्टीकरण लागू पडले. याला जोडूनच उलटी चाचणी घ्या. काही निकाल मुद्दाम चुकीचे द्या, कारणे तशीच छान मांडा, आणि किती जण शंका घेतात ते पाहा. चाचणी संपताच कोणते निकाल बनावट होते ते प्रत्येकाला सांगा. स्पष्टीकरण दिसले की यंत्राचे म्हणणे बरोबर असो वा चूक, ते मान्य करण्याकडे लोकांचा कल वाढतो, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगमालिकेत आढळले होते. म्हणजे चांगल्या भाषेतले कारण वाईट मॉडेलला पाठीशीही घालू शकते.

माणसे निवडताना वर्गमित्रांवर भागवू नका. इतवारीत मालाची चढ-उतार करणारा हमाल, दिवसभर उन्हात फिरणारा डिलिव्हरीवाला, गोंदण असलेली आजी, रात्रपाळीची परिचारिका, सावळ्या आणि गोऱ्या त्वचेची माणसे, असे निरनिराळे लोक घ्या, आणि शक्य असल्यास उन्हाळा व हिवाळा अशा दोन्ही ऋतूंत तपासा. आरोग्याच्या नोंदी घेणार असाल तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि लेखी संमती आधी, सेन्सर नंतर.

पायरी ८: कायद्याची चौकट पाहून ठेवा

हा भाग थोडक्यात आटोपतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार माहिती घेण्यापूर्वी द्यायची सूचना आणि संमतीची विनंती स्पष्ट, सोप्या भाषेत असावी लागते, आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी त्या अनुसूचीत आहे, तेव्हा मराठी मजकूर ही मेहेरबानी समजू नये. यंत्राच्या निर्णयाचे कारण मागण्याचा स्वतंत्र हक्क मात्र या कायद्यात नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यात काही अधिक जोखमीच्या प्रणालींबाबत तो आहे. दुसरी गोष्ट, वैद्यकीय उपयोगासाठीचे सॉफ्टवेअर भारतात १ एप्रिल २०२० पासून औषध कायद्याच्या कक्षेत आलेले आहे. ‘आमचे घड्याळ विकाराचे निदान करते’ असे वेष्टनावर किंवा ॲपवर लिहिलेत, तर तुम्ही वैद्यकीय उपकरणाच्या नियमांत शिरता. आकर्षक जाहिरातीचा मोह विपणनवाल्यांना होतो आणि निस्तरावे लागते तांत्रिक मंडळींना.

पायरी ९: मॉडेल बदलले की सांगा

ही पायरी जवळजवळ सगळे विसरतात. ॲप अद्ययावत झाले, आतले मॉडेल बदलले, आणि काल रात्रीपर्यंत ‘गाढ झोप’ दीड तास दाखवणारे घड्याळ आज पाऊण तास दाखवू लागले, तर माणूस स्वतःच्या प्रकृतीत कारण शोधू लागतो, काही जण झोपेच्या गोळ्यांपर्यंत जातात. म्हणून झोपेच्या आणि ठोक्यांच्या आलेखावर जिथे मॉडेल बदलले तिथे एक उभी रेषा काढा आणि तिच्यावर बोट ठेवताच दिसेल असे लिहा: ‘इथून मोजण्याची पद्धत बदलली. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करू नका.’ जुन्या नोंदी नव्या पद्धतीने पुन्हा मोजता येत असतील तर मोजून द्या, पण मूळ आकडे पुसू नका, कारण काकांनी ते एव्हाना डॉक्टरांच्या फाइलीत लावलेले असतात.